डिलिव्हरी

मानवतला उतरलो तर स्टँडवर पहिला प्रश्न :
किती दिवसांची सुट्टी?
दुसरा : पगार डॉलरमध्ये देतात का?
समुद्राचं कुणी विचारलं नाही.
कशाला विचारतील. इथून कुठल्याही दिशेला निघा,
खारं पाणी लागेपर्यंत दोन गाड्या बदलाव्या लागतात
आणि एक अख्खी रात्र.

बॅग घरी न टाकताच
जिनिंगच्या मागच्या गल्लीत वळलो.
खाजामियाँ मिस्त्रींचं पत्र्याचं शेड,
दारात पाच एचपीचे पंप, पोट उघडून रांगेत.
मिस्त्रींना आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं इंजिनाच्या तोंडाशी बसल्यावर
कान कुणाचे राहतात?
त्यांनी स्टूल सरकवलं. हाताने म्हणाले, बोल.

मी ओरडून सांगितलं, म्हणजे गल्लीनेच ऐकलं.

कोचीहून मस्कत. ऐंशी फुटी यॉट,
मालकाने अजून न पाहिलेली.
आत पांढरे सोफे, प्लास्टिकमध्ये शिवल्यासारखे.
आम्ही तिघं खाली चटईवर जेवायचो,
मी, कप्तान लाझर आणि एक पोरगा, त्याला सतत उलट्या.
टाकीत पाच हजार लिटर डिझेल,
लागणार साडेसहा हजार.
म्हणून मागच्या डेकवर दहा पिंपं, दोरांनी आवळलेली.
रोज सकाळी एक पिंप टाकीत, फडक्यातून गाळून,
तुम्ही शिकवलं तसं.

बाराशे सत्तर मैल. ताशी आठ.
म्हणजे आपली सायकल मानवत रोडला जाते,
तेवढंच.

मिस्त्री हसले. इतकी मोठी मशीन आणि चाल सायकलची?
दुप्पट पळवली तर पाचपट पिते, मिस्त्री.
मग अर्ध्यात काय करायचं?
तिथं रस्त्याच्या कडेला उभं राहून
कॅन हलवता येत नाही.

दिवसा काही नसतं. खरंच काही नसतं.
निळं बघून डोळे आंबतात.
रात्री माझा पहारा बारा ते तीन.
रडारवर एखादा ठिपका, तासभर सोबत करतो, जातो.
खाली दोन इंजिनं.
मी त्यांच्याच भरवशावर जागा राहायचो.

पाचव्या रात्री डाव्याने एक ठोका गिळला.
एकच. लाझरची झोप मोडली नाही.
मी खाली उतरलो, पेचकसाचं पातं इंजिनाला,
मूठ कानाच्या हाडाला.
तुम्ही म्हणायचात : मशीन झूट नहीं बोलती,
तू जल्दी मत कर.
मी घाई केली नाही. खोकला ओला होता.
फिल्टर खोलला तर आत काळा गाळ,
आपल्या रानात पावसात गेल्यावर
बुटाला धरतो ना, तसाच.
हाताला लागला तेव्हा, काय सांगू,
समुद्रात बसून बरं वाटलं.

मस्कतला मोज्यांवर चालणारा एक माणूस आला.
कठड्यावरून बोट फिरवलं, एक ओरखडा लिहून घेतला,
सोफ्याचं प्लास्टिक फाडलं.
सही. किल्ली. टॅक्सी.
विमानात बसल्यावर आठवलं,
पेचकस इंजिनरूममध्येच राहिला.
तुमचा. लाकडी मुठीचा.

हे मात्र मी हळू आवाजात म्हणालो.

मिस्त्रींनी माझा हात ओढून
स्वतःच्या मांडीवर ठेवला.
बजा के दिखा. कैसा चलता था?
मी बोटांनी ठोके दिले, डाव्या इंजिनाचे,
फिल्टर बदलल्यानंतरचे, चौदाशेवर.
त्यांनी डोळे मिटले.
मागे कुणीतरी पंपाला हँडल मारत होतं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
चौथा नोजल देर से आता है.

मी लॉगबुकात लिहिलं होतं : सर्व ठीक.

हात सोडला नाही त्यांनी.
बायाँ हो गया, म्हणाले.
अब दायाँ सुना.